परासरणी मूत्रल द्रव्ये : उपयोग, मर्यादा आणि सावधानता

‘मूत्रल’ या एकाच शब्दाखाली आपण परस्परांपासून फार दूरची द्रव्ये एकत्र ठेवतो. गोक्षुर मूत्रल, पुनर्नवा मूत्रल, फ्युरोसेमाइड मूत्रल आणि रुग्णालयात शिरेवाटे दिले जाणारे मॅनिटॉल हेही मूत्रलच. त्यामुळे शरीरात पाणी साठले असता मॅनिटॉल हे त्यातल्या त्यात ‘जोरकस’ मूत्रल होय, असा समज व्यवहारात रूढ झालेला दिसतो. हा समज धोक्याचा आहे. पायांवर, उदरात किंवा फुप्फुसांत साठलेले पाणी काढण्याचे हे औषध नव्हे. हृदय दुर्बल असलेल्या शोथाच्या रुग्णास ते दिल्यास लघवी वाढण्यापूर्वीच श्वास कोंडून रुग्ण दगावू शकतो.

हा विषय आधुनिक वैद्यकाचा, त्याची चर्चा या पत्रिकेत कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. परंतु महाराष्ट्रातील अनेक खाजगी रुग्णालयांत रात्रपाळीचे निवासी वैद्यकीय अधिकारी आयुर्वेद पदवीधर असतात आणि तज्ज्ञांनी लिहून दिलेली मॅनिटॉलची बाटली प्रत्यक्षात त्यांच्याच देखरेखीखाली लागते. पक्षाघाताचा रुग्ण आठ-दहा दिवस हे औषध घेऊन घरी येतो व लगेच आपल्याकडे बस्तीसाठी आणला जातो. औषधनिर्मात्यांच्या भांडारात ग्लिसरीनचे पिंप असते, सोरा असतो. आणि मधुमेहाच्या नव्या गोळ्यांच्या रूपाने याच तत्त्वावर चालणारे औषध आज आपल्या असंख्य रुग्णांच्या पोटात रोज जात आहे.

क्रिया कशी घडते

परासरणाचे तत्त्व सर्वांस ठाऊक आहे. पाणी आरपार जाऊ शकते पण विद्राव्य कण जाऊ शकत नाहीत अशा पडद्याच्या दोन बाजूंस दोन द्रावणे असली, तर पाणी अधिक कणांच्या बाजूस ओढले जाते. ही ओढ कणांच्या संख्येवर अवलंबून असते, त्यांच्या वीर्यावर नव्हे. मॅनिटॉल ही सहा कार्बन अणूंची शर्करा-मद्यार्क वर्गातील वस्तू. ती शरीरात जवळजवळ पचत नाही, पेशींत शिरत नाही, ग्लोमेरुलसमधून सहज गाळली जाते आणि वृक्कनलिकेतून परत शोषली जात नाही. नलिकेत राहिलेले हे कण आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतात व ते मूत्रावाटे बाहेर पडते. फ्युरोसेमाइड नलिकेच्या भिंतीवरील क्षारवाहक यंत्रणा अडविते. मॅनिटॉल कोणतीही यंत्रणा अडवीत नाही, ते केवळ तेथे उपस्थित असते.

पण ही झाली दुसरी पायरी. पहिली पायरी रक्तात घडते आणि तिचाच विसर पडतो. रक्तद्रवाची परासारिता प्रतिलिटर सुमारे २९० मिलिऑस्मोल, तर २० टक्के मॅनिटॉलची सुमारे ११०० मिलिऑस्मोल असते. असे तीव्र द्रावण शिरेत जाताच पेशींतील पाणी बाहेर रक्ताकडे ओढले जाते. ६० किलो वजनाच्या मनुष्यास ३५० मिलिलिटरची एक बाटली वेगाने दिली, तर गणिताने पेशीबाह्य द्रव सुमारे ९०० मिलिलिटरने वाढतो. म्हणजे बाटलीत होते त्याच्या अडीच पटीहून अधिक! वृक्क कार्यक्षम असतील तर हे पाणी काही तासांत निघून जाईल, परंतु तोवर ते हृदयाला पेलावे लागते. वृक्क निकामी असतील तर मॅनिटॉल बाहेर पडतच नाही. निरोगी व्यक्तीत त्याचा अर्धायुकाल साधारण दीड-दोन तासांचा असतो; वृक्क अकार्यक्षम झाल्यास तो दीड दिवसापर्यंत लांबतो.

यावरून कोणतेही परासरणी द्रव्य देताना तीन प्रश्न उभे राहतात. पाणी कोठून ओढले जाणार? ते येईल तेव्हा हृदय पेलेल काय? आणि वृक्क ते बाहेर सोडतील काय? यापुढील सर्व सूचना या तीन प्रश्नांचीच उत्तरे आहेत.

थोडा इतिहास

१८०६ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ लुई प्रूस्त याने ‘मन्ना’ या वृक्षनिर्यासातून हा पदार्थ वेगळा केला. इटलीतील सिसिली बेटावर एका जातीच्या वृक्षाच्या सालीस चिरा पाडून हा गोड निर्यास आजही गोळा करतात व सौम्य विरेचक म्हणून वापरतात. तोंडावाटे घेतल्यास मॅनिटॉल फारसे शोषले जात नाही, आतड्यात पाणी ओढते आणि विरेचन होते. मार्ग बदलला की तेच द्रव्य विरेचकाचे मूत्रल होते, ही गोष्ट द्रव्यगुणाच्या अभ्यासकांस रंजक वाटेल. (कोलोनोस्कोपीपूर्वी आतडे स्वच्छ करण्यासाठी ते पाजण्याचा प्रघात होता. आतड्यातील जंतू त्यापासून ज्वालाग्राही वायू तयार करतात व विद्युत्दहनाच्या वेळी स्फोट होऊ शकतो, हे १९७९ मध्ये एका मृत्यूनंतर ठळकपणे पुढे आले.)

तीव्र द्रावणाने मेंदूचे आकारमान घटते, हे वीड आणि मॅककिबन यांनी १९१९ मध्ये मांजरांवरील प्रयोगांत दाखविले. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत शिरेवाटे युरिया देण्यास प्रारंभ झाला. पण युरिया हळूहळू मेंदूत झिरपतो आणि मग पाणी उलट मेंदूकडे जाऊन दाब पुन्हा चढतो. १९६२ मध्ये वाइज आणि चेटर यांनी मॅनिटॉलचे अनुभव प्रसिद्ध केले व युरिया मागे पडला.

उपयोग कोठे

मुख्य उपयोग कवटीतील दाब कमी करण्याचा. शिरोघात, अर्बुद, रक्तस्राव किंवा मोठ्या पक्षाघातानंतर मेंदू सुजतो. कवटीची पेटी बंद, त्यामुळे सूज मेंदूलाच दाबते. रुग्णाची शुद्ध झपाट्याने हरपणे, एका डोळ्याची बाहुली विस्फारणे, नाडी मंद होऊन रक्तदाब चढणे ही लक्षणे दिसू लागली की मॅनिटॉल शस्त्रकर्मापर्यंतचा मौल्यवान वेळ मिळवून देते. मात्रा शरीरभाराच्या प्रतिकिलो ०.२५ ते १ ग्रॅम, २० ते ३० मिनिटांत. परिणाम अर्ध्या तासाच्या आत दिसू लागतो व काही तास टिकतो.

दुसरा उपयोग काचबिंदूच्या तीव्र अवस्थेत. अधिमंथाशी मिळतीजुळती ही अवस्था : डोळा लाल, दगडासारखा कठीण, अर्धे डोके फुटत असल्याची वेदना, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलये. उलट्यांमुळे अशा रुग्णास अम्लपित्त समजून औषध दिले गेल्याची उदाहरणे व्यवसायात ऐकू येतात, आणि तेवढ्या काही तासांत दृष्टी जाते. येथे प्रतिकिलो १.५ ते २ ग्रॅमपर्यंत मॅनिटॉल देतात. तेही तात्पुरतेच, खरा उपचार लेसर वा शस्त्रकर्म. वैद्याचे काम रुग्णास त्याच दिवशी नेत्ररोगतज्ज्ञाकडे पोचविण्याचे.

वृक्कांच्या संरक्षणासाठी मॅनिटॉल देण्याची पद्धत मात्र पुराव्याअभावी बरीच मागे पडली आहे. क्ष-किरण तपासणीतील रंगद्रव्यापासून वृक्कांचे रक्षण करण्यासाठी मॅनिटॉलची जोड देण्यापेक्षा नुसते सलाईन अधिक उपयुक्त, असे १९९४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात आढळले. विषबाधेत लघवी वाढवून विष काढण्याची जुनी पद्धतही आता मॅनिटॉलच्या आधारे कोणी करीत नाही.

पक्षाघातात नियमाने मॅनिटॉल?

आपल्याकडे पक्षाघाताचा रुग्ण दाखल होताच ‘१०० मिलिलिटर दर आठ तासांनी’ हा आदेश जणू छापलेलाच असतो. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत मेंदूतील रक्तस्रावाच्या १२८ रुग्णांवर झालेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅनिटॉल दिलेल्या व न दिलेल्या रुग्णांच्या मृत्यूत वा अपंगत्वात फरक आढळला नाही. २०१५ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या विश्लेषणातही लाभ दिसला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते दाब वाढल्याची लक्षणे असताना दिलेले मॅनिटॉल व केवळ निदान ‘पक्षाघात’ म्हणून दिलेले मॅनिटॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचे समर्थन करणे कठीण आहे. देण्याचा निर्णय तज्ज्ञाचाच. तथापि देखरेख करणाऱ्या वैद्याने ‘आजही चालू ठेवायचे काय?’ असे रोज विचारणे हा त्याचा अधिकार आहे आणि कर्तव्यही.

देताना घ्यावयाची काळजी

थंडीच्या दिवसांत २० टक्के द्रावणात स्फटिक तयार होतात. ते द्रावण खराब झाल्याचे लक्षण नव्हे, पण तसेच लावणे घातक आहे. बाटली गरम पाण्यात ठेवून अधूनमधून हलवावी, स्फटिक पूर्ण विरघळावेत, मग शरीराच्या तापमानापर्यंत निवू द्यावी. एकही खडा उरला तर बाटली वापरू नये. गाळणी असलेला आय.व्ही. सेटच वापरावा. औषधविक्रेत्यांनीही या बाटल्या थंड जागी न ठेवता सामान्य तापमानात ठेवाव्यात.

लावण्यापूर्वी शीर मोठी व सुई नीट आत असल्याची खात्री करावी. द्रावण शिरेबाहेर झिरपल्यास त्वचा व मांस कुजू शकते. तेव्हा पाळीच्या परिचारिकेने पहिली काही मिनिटे जवळ थांबणे हितावह. रक्त चढविण्याच्या नळीतून मॅनिटॉल कदापि देऊ नये, रक्तकणांच्या गुठळ्या होतात. लघवीसाठी नळी घातलेली असावी. बेशुद्ध रुग्णाचा मूत्राशय तुडुंब भरून अस्वस्थता वाढते व ती मेंदूची लक्षणे समजली जाते, असे घडू शकते.

पूर्णपणे निषिद्ध अवस्था : तीव्र वृक्कविकारामुळे मूत्र बंद असणे, फुप्फुसात पाणी वा हृदयाची अकार्यक्षमता, तीव्र जलक्षय. मेंदूत रक्तस्राव चालू असताना शस्त्रकर्माच्या तयारीखेरीज देऊ नये. लघवी कमी असून वृक्कांविषयी शंका असेल तर प्रतिकिलो ०.२ ग्रॅमची चाचणी-मात्रा तीन ते पाच मिनिटांत देऊन पाहतात. पुढील दोन-तीन तास ताशी ३० ते ५० मिलिलिटर लघवी झाली नाही तर पुढे जाऊ नये.

दिलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवाची नोंद दर तासास ठेवावी, सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन रोज पाहावे. मॅनिटॉलने सोडियमपेक्षा पाणी अधिक जाते. आरंभी रक्तातील सोडियम पातळ होऊन उतरलेले दिसेल, दोन-तीन दिवसांनी चढू लागेल. परासारिता ३२० च्या वर जाऊ देऊ नये, असा सामान्य संकेत आहे. ती मोजण्याची सोय नसेल तर हिशेब असा : सोडियमची दुप्पट, अधिक साखर भागिले १८, अधिक रक्तातील युरिया भागिले ६. सोडियम १४०, साखर १८०, युरिया ३६ असता उत्तर २९६ येते. मात्र या सूत्रात मॅनिटॉल मोजले जात नाही, म्हणून हिशेबाचा आकडा समाधानकारक असला तरी प्रत्यक्ष परासारिता त्याहून जास्त असते. अनेक दिवस दिलेले औषध एकदम बंद न करता कमी करीत आणावे, अन्यथा दाब पुन्हा चढण्याची भीती असते.

रुग्ण घरी परतल्यावर आपल्याकडे येतो तेव्हा रुग्णालयाचा कागद नीट वाचावा. किती दिवस मॅनिटॉल दिले? शेवटचे सोडियम व क्रिएटिनिन किती? जिव्हा शुष्क, त्वचा रुक्ष, मलावष्टंभ हे सारे केवळ वातप्रकोपाचे लक्षण मानून शोधनास प्रारंभ करण्यापूर्वी, शरीरातील जलीय अंशच ओढून काढला गेला आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

ग्लिसरीन आणि मुंबईतील १९८६ चे मृत्यू

ग्लिसरॉल, म्हणजेच ग्लिसरीन, हे तोंडावाटे देता येणारे परासरणी द्रव्य. काचबिंदूत प्रतिकिलो १ ते १.५ ग्रॅम, निम्मे पाणी वा लिंबाचा रस घालून देतात. पक्षाघाताच्या रुग्णास नळीवाटे ३० मिलिलिटर दिवसातून तीन वेळा अशी चिठ्ठीही अद्याप दिसते. यकृतात त्याची साखर होते, म्हणून मधुमेही रुग्णात जपून. उलट्या व डोकेदुखी हे नेहमीचे उपद्रव.

१९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूतील व डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी ग्लिसरीन घेणाऱ्या रुग्णांची लघवी बंद होऊ लागली. ज्या औषधाने मूत्र वाढावयाचे त्यानेच ते थांबले! १४ रुग्ण मृत्यू पावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी, तपासणी व प्रशासन या सर्वच पायऱ्यांवरील ढिलाई उघड केली. आयोगाचा अहवाल औषधनिर्मात्यांनी मुळातून वाचण्याजोगा आहे. आजार दुर्मीळ नव्हता, औषध नवे नव्हते, मात्रा चुकली नव्हती. पिंपावरील चिठ्ठीवर विश्वास ठेवला गेला, एवढेच.

असे प्रकार पुन्हा घडत राहिले. १९९५-९६ मध्ये हैती व २००६ मध्ये पनामा येथे दूषित ग्लिसरीननेच बळी घेतले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या पातळ औषधामुळे वीसहून अधिक बालके दगावली, तेथेही विष तेच.

आयुर्वेदीय फार्मसीत ग्लिसरीन मूत्रल म्हणून नव्हे, तर सिरप, गंडूषाची औषधे, मलम यांत जाते. धोका मात्र तोच. डायएथिलीन ग्लायकॉल दिसावयास व चवीस ग्लिसरीनसारखेच असते. वास घेऊन वा जिभेवर लावून ते ओळखू येत नाही. डायएथिलीन ग्लायकॉल व एथिलीन ग्लायकॉल यांचे प्रमाण प्रत्येकी ०.१ टक्क्याहून अधिक नसावे, ही औषधकोशातील मर्यादा. पुरवठादाराचे प्रमाणपत्र फाइलला लावून ही तपासणी होत नाही. प्रत्येक पिंपातून नमुना काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तो तपासून घ्यावा आणि अहवाल येईपर्यंत पिंप वेगळे, कुलूपबंद ठेवावे. लहान निर्मात्यास हा खर्च जड वाटतो. ज्यास तो झेपत नाही त्याने ग्लिसरीन न लागणारे कल्प करावेत. मध आणि शर्करा आपल्या परंपरेत आहेतच.

आपल्या कपाटातील परासरणी द्रव्य

चरकसंहितेतील मूत्रविरेचनीय गणात श्वदंष्ट्रा, वसुक, पाषाणभेद, दर्भ, कुश, काश आदी दहा द्रव्ये आहेत. त्यांना ‘आयुर्वेदातील मॅनिटॉल’ म्हणण्याचा मोह टाळावा. त्यांची कार्मुकता निरनिराळी व सौम्य आहे, आणि तीव्र दाबाच्या अवस्थेत ती मॅनिटॉलची जागा घेऊ शकत नाहीत. याच्या उलट, ज्यास खरोखर परासरणी म्हणता येईल असे एक द्रव्य आपल्या नित्य वापरात आहे, ते म्हणजे सोरा. जुन्या आधुनिक औषधशास्त्राच्या ग्रंथांत पोटॅशियमचे क्षार परासरणी मूत्रलांतच गणले जात. श्वेतपर्पटीचा मुख्य घटक सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, असून फिटकरी व नवसागर अल्प प्रमाणात असतात. यवक्षारातही पोटॅशियमचेच क्षार मुख्यत्वे आढळतात.

शुद्ध सोऱ्याच्या १ ग्रॅममध्ये सुमारे ३९० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. अनुपान म्हणून २०० मिलिलिटर शहाळ्याचे पाणी दिले तर आणखी साधारण ४०० ते ५०० मिलिग्रॅम. निरोगी वृक्कांस हे सहज पेलते आणि मूत्रकृच्छ्रात या योगाचा अनुभव उत्तम आहे. पण रुग्णाचे क्रिएटिनिन वाढलेले असेल, अथवा तो टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेत असेल, तर हेच पोटॅशियम रक्तात साठून हृदयाची गती बिघडवू शकते. रक्तदाबाच्या चिठ्ठीत ही नावे आज इतकी सर्वत्र आहेत की श्वेतपर्पटी देण्यापूर्वी ती चिठ्ठी मागून पाहणे हा नियमच करावा. विक्रेत्यांनीही वेष्टनावर ‘वृक्कविकारात वैद्यांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये’ असे स्पष्ट छापावे.

प्रमेह आणि ‘ग्लिफ्लोझिन’ गोळ्या

प्रभूत मूत्रता हे प्रमेहाचे सामान्य लक्षण. रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेली की ती वृक्कनलिकेत परत शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते व मूत्राचे प्रमाण वाढते. निसर्गाने दाखविलेला हा परासरणी मूत्रलाचा नमुनाच होय.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या हेच मुद्दाम घडवून आणतात. नलिकेतून साखर परत शोषून घेणारी यंत्रणा त्या अडवितात. रोज ६० ते ८० ग्रॅमपर्यंत साखर मूत्रात जाते व तिच्याबरोबर सोडियम आणि पाणी. डॅपाग्लिफ्लोझिनचे भारतातील पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून ते पुष्कळ स्वस्त झाले आहे. हृदयाच्या व वृक्कांच्या विकारातही ते दिले जाते, म्हणून मधुमेह नसलेली व्यक्तीही ते घेत असू शकते. अशा रुग्णाच्या मूत्रात साखर भरपूर आणि रक्तात मात्र प्राकृत आढळते. एवढ्यावरून प्रमेहाचे निदान करू नये वा मधुमेह बळावला असे सांगू नये.

खरी चिंता शोधनाची आहे. लंघन, वमन, विरेचन यांत आहार तुटतो व द्रव जातो. गोळी चालूच राहिल्यास साखर मूत्रावाटे जात राहते, शरीर मेद जाळू लागते आणि रक्ताम्लता उद्भवते. ही अवस्था फसवी असते, कारण ग्लुकोमीटरवर साखर २०० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी दिसते. विरेचनानंतर अन्नद्वेष, मळमळ, उदरशूल, ग्लानी व खोल जलद श्वास ही लक्षणे दिसली तर त्यास विरेचनाचा अतियोग समजून थांबू नये. मूत्रातील वा रक्तातील कीटोन तत्काळ तपासावे व रुग्णास रुग्णालयात न्यावे.

नियोजित शस्त्रकर्मापूर्वी ही औषधे किमान तीन दिवस (अर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस) बंद ठेवावीत, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिली. प्रधानकर्मासाठीही तोच दंडक आपण स्वीकारावा, असे सुचवावेसे वाटते. बंद करण्याचा निर्णय मूळ चिकित्सकाशी दूरध्वनीवर बोलून, लेखी नोंद करून घ्यावा, विशेषतः औषध हृदयासाठी दिले असेल तेव्हा. स्नेहपानाच्या काळातही भूक मंदावून आहार घटतो, हे ध्यानात ठेवून कालगणना करावी. संसर्जन क्रम पूर्ण होऊन रुग्ण नेहमीचा आहार व पुरेसे पाणी घेऊ लागल्यावर, क्रिएटिनिन पाहून, गोळी पुन्हा सुरू करण्यास हरकत नाही.